गुलाबाच्या अत्तराची कहाणी आणि त्याची पारख



ईदची सकाळ डोळ्यांसमोर आणा. न्हाणीघरासमोर भावंडांची रांग लागली आहे, स्वयंपाकघरातून शीरखुर्म्याचा वास येतो आहे, आणि नवे कपडे घालून तयार झालेल्या प्रत्येकाला घरातील वडीलधारे हाक मारीत आहेत. त्यांच्या हातात अत्तराची लहानशी कुपी असते. काडीला कापूस गुंडाळून केलेला फाया ते मुलाच्या मनगटावर टेकवतात, थोडे अत्तर सदऱ्याला लावतात आणि उरलेला फाया कानाच्या पाळीत खोचतात. मग मंडळी ईदगाहकडे निघतात. पुढे आयुष्यात कोठेही तो वास आला की आपण पुन्हा त्या अंगणात जाऊन उभे राहतो.

अत्तर आपल्या घरात इतके मुरले आहे, की ते आले कोठून, केले कसे जाते आणि खरे कोणते व खोटे कोणते, हे आपण कधी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते. ते मला एका मुलीने विचारायला लावले.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेच्या बक्षीस समारंभाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. अशा वेळी पूर्वजांच्या शोधांची जी यादी सांगण्याचा प्रघात आहे, ती मीही सांगितली. त्यात एक वाक्य असे होते की, गुलाबाचे अत्तर सम्राज्ञी नूरजहाँ हिने शोधून काढले. टाळ्या झाल्या. समारंभ संपल्यावर आठवीतली एक मुलगी धीर करून जवळ आली आणि म्हणाली, "सर, मी वाचलंय की तो शोध नूरजहाँच्या आईचा होता. खरं काय?" मी घाईत होतो. "अगं, आई काय नि मुलगी काय, एकाच घरातली गोष्ट!" असे हसून म्हणालो आणि जेवणाच्या पंगतीकडे वळलो. त्या मुलीचा उतरलेला चेहरा मला घरी गेल्यावर आठवू लागला. शिक्षकाला न शोभणारे उत्तर मी दिले होते. पुढचा मजकूर म्हणजे त्या प्रश्नाचे, उशिरा का होईना, दिलेले उत्तर आहे.

गुलाब म्हणजे फूल नव्हे, पाणी

प्रथम शब्दांकडे पाहू. आपण ज्या फुलाला गुलाब म्हणतो, त्याचे फारसी नाव 'गुल'. 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे 'गुलाब' या शब्दाचा मूळ अर्थ गुलाबजल! इराणातून पाणी आले, पाण्याचे नाव आले, आणि आपण ते नाव फुलालाच देऊन टाकले. 'अत्तर' हा शब्द अरबी 'इत्र' म्हणजे सुगंध यावरून आला, आणि तो सुगंध विकणारा तो 'अत्तार'. निशापूरचे थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचे नाव याच व्यवसायावरून पडले. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागांत अत्तार आडनावाची कितीतरी घराणी आहेत. त्यांचे वाडवडील गावोगावच्या बाजारांत आणि जत्रांत अत्तर, उदबत्ती, बुक्का, कुंकू विकत असत. एकाच पेटीतून ईदचे अत्तर आणि वारीचा बुक्का मिळत असे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

फुलाचा वास पाण्यात उतरवण्याची कला म्हणजे ऊर्ध्वपातन. पदार्थ तापवून त्याची वाफ करायची आणि ती वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवायचा. ही कला मुसलमानांनीच शोधली, असे आपण कधी कधी अभिमानाने म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील ग्रीक भाषिक रसायनकारांना ऊर्ध्वपातनाची भांडी ठाऊक होती, आणि अरबी 'अल-अंबीक' या नावाचे मूळही ग्रीक आहे. परंतु बगदादच्या अब्बासी काळात विद्वानांनी हे ज्ञान आपल्या भाषेत आणले, प्रयोगाने वाढवले आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवले. नवव्या शतकातील तत्त्वज्ञ अल-किंदी यांच्या नावावर सुगंधांच्या रसायनाविषयी एक ग्रंथ आहे. त्यात सुगंधी तेले, उटणी व अर्क यांच्या शंभराहून अधिक कृती दिल्या आहेत. गंमत अशी की महागड्या द्रव्यांची हुबेहूब नक्कल कशी करावी, याच्याही कृती त्यात आहेत. म्हणजे भेसळीचा प्रश्नही अत्तराइतकाच जुना आहे! इब्न खल्दून यांनी दिलेल्या एका यादीप्रमाणे, एकट्या फार्स प्रांतातून खलिफाच्या खजिन्यात दरवर्षी ३०,००० बाटल्या गुलाबजल खंडणी म्हणून येत असे.

आपल्या देशातही सुगंधाची विद्या फार जुनी. सहाव्या शतकातील वराहमिहिर यांच्या 'बृहत्संहिता' ग्रंथात 'गंधयुक्ती' हे स्वतंत्र प्रकरण आहे. गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' या पोथ्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणल्या. त्या १९८९ साली बडोद्याहून छापून प्रसिद्ध झाल्या. यांतील 'गंधवाद' पोथीवर जुनी मराठी टीका आहे. अत्तराची विद्या मराठी भाषेतही कोणी तरी शिकत होते, शिकवत होते, याचा हा पुरावा होय.

तेव्हा वाचकहो, अत्तर कोणा एका जमातीचे नाही. ग्रीकांचे भांडे, अरबांची पोथी, इराणचा गुलाब आणि हिंदुस्थानचे चंदन एकत्र आले, तेव्हा आपल्या कुपीतला थेंब तयार झाला.

राजदरबारांतील सुगंध

माळव्याचा सुलतान घियासशाह १४६९ ते १५०० पर्यंत मांडूच्या गादीवर होता. त्याच्या पाकशाळेतील कृतींचा 'निअमतनामा' हा सचित्र ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात सामोसे व शिकारीच्या पदार्थांच्या शेजारी सुगंधाच्या कृती येतात. खाणे आणि वास या गोष्टी त्या काळी वेगळ्या मानीत नसत.

अकबराच्या दरबारात तर 'खुशबूखाना' नावाचे स्वतंत्र खातेच होते. अबुल फजल यांनी 'आइने अकबरी'त त्याचे वर्णन केले आहे. दरबारात सोन्या-चांदीच्या धुपदाण्यांतून अगरू व अंबर दरवळत असे, फुलांच्या राशी मांडलेल्या असत. चमेली, मोगरा, चाफा, केतकी, जुई अशा फुलांची यादी रंग व हंगाम यांसह दिली आहे. अरगजा, उटणे, अबीर यांच्या कृती वजनांनिशी दिल्या आहेत, आणि द्रव्यांचे भावही नोंदले आहेत. या खुशबूखान्याचे हिशेब पाहणारा ख्वाजा शाह मन्सूर पुढे अकबराचा दिवाण झाला. अत्तराच्या थेंबांचा हिशेब नीट ठेवणाऱ्याकडे साम्राज्याचा हिशेब आला, असे म्हणायला हरकत नाही.

दक्षिणही मागे नव्हती. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह १५८० ते १६२७ या काळात राज्यावर होता. संगीतावर प्रेम करणाऱ्या या सुलतानासाठी 'इत्रे नवरसशाही' हा सुगंधांवरचा फारसी ग्रंथ लिहिला गेला. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा विजापूरच्या अमलाखाली होता. पुढे मराठ्यांच्या दरबारांतही विडा व अत्तरगुलाब दिल्याशिवाय भेट पुरी होत नसे. आजही लग्नमांडवाच्या दारात गुलाबदाणी उभी असते. उधळ्या माणसाला आपण मराठीत 'अत्तराचे दिवे जाळतो' म्हणतो. ज्या वस्तूवरून म्हणी पडतात, ती समाजात किती खोल रुजली असेल!

अस्मत बेगम

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

बादशाह जहांगीर याने १६०५ ते १६२७ पर्यंत राज्य केले. त्याने आपल्या कारकिर्दीची हकिकत स्वतः लिहिली आहे. नवव्या राज्यवर्षाच्या, म्हणजे १६१४ सालच्या नोंदीत तो गुलाबाच्या अत्तराविषयी सांगतो, आणि कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो की हा शोध आपल्या काळात नूरजहाँ बेगमच्या आईच्या प्रयत्नाने लागला. ती गुलाबजल तयार करीत होती. गरम गुलाबजल पसरट भांड्यांत ओतले असता वर चिकट तवंग जमलेला तिने पाहिला. तो तिने थोडा थोडा करून गोळा केला. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तर सगळी मैफल दरवळून जाते, जणू अनेक लाल कळ्या एकदम उमलल्या आहेत, असे जहांगीर सांगतो. या शोधाबद्दल त्याने तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली. अकबराची बेगम सलीमा सुलतान तेथे हजर होती. तिने या तेलाला 'इत्रे जहांगीरी' हे नाव दिले.

विद्यार्थी मित्रांनो, इतिहासाचा पुरावा कसा तपासतात, हे येथे शिकण्यासारखे आहे. सांगणारा स्वतः बादशाह आहे, तो नूरजहाँचा नवरा आहे, आणि पत्नीवर त्याचे प्रेम सर्वश्रुत आहे. हा मान पत्नीला द्यावा असा मोह त्याला झाला असता तर नवल नव्हते. तरीही तो मान सासूला देतो. म्हणून ही साक्ष वजनदार मानावी लागते. दुसरे, नाव ठेवणारी सलीमा सुलतान बेगम १६१३ च्या जानेवारीत वारली. अर्थात शोध त्याच्या आधीचा असला पाहिजे. नूरजहाँचे लग्न १६११ साली झाले. या दोन सालांच्या दरम्यान तो लागला असावा. लांग्लेस या फ्रेंच पंडिताने १८०४ साली या विषयावर पॅरिसमध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यानेही १६१२ हेच साल धरले आहे.

मग नूरजहाँचे नाव कोठून आले? पुढच्या काळात गोष्ट अशी रंगली की बादशाह-बेगम बागेत फिरत होते, पाट गुलाबजलाने भरला होता, आणि उन्हाने त्यावर आलेले तेल बेगमच्या नजरेस पडले. गोष्ट गोड आहे, पण ती कथेकऱ्यांची. आपल्याकडची 'बूंद से गयी वो हौद से नहीं आती' ही अकबर-बिरबलाची गोष्टही त्याच घराण्यातली. खाली पडलेला अत्तराचा थेंब टिपायला बादशाह वाकला, आणि लाज झाकण्यासाठी दुसऱ्या दिवशी त्याने अत्तराचा हौद भरला! गोष्टीतला बोध घ्यावा, परंतु गोष्टीला इतिहास म्हणू नये.

जगात गुलाबाचे तेल सर्वांत आधी त्याच बाईने पाहिले, असेही म्हणता येणार नाही. युरोपातील ग्रंथांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुलाबजलावर तरंगणाऱ्या तेलाचा उल्लेख येतो. दूर दूरच्या माणसांना एकच गोष्ट स्वतंत्रपणे दिसू शकते. त्यामुळे आग्र्यातील शोधाची किंमत कमी होत नाही. तिने कोणाचे पुस्तक पाहून तो लावला, असे दिसत नाही. तिने आपल्या भांड्याकडे नीट पाहिले.

या बाईचे नाव अस्मत बेगम. मिर्झा घियास बेग यांची ती पत्नी. नवऱ्याबरोबर मुलेबाळे घेऊन ती इराणातून हिंदुस्थानात आली. वाटेत कंदाहार येथे १५७७ साली जी मुलगी झाली, तीच पुढे नूरजहाँ. अस्मत बेगमच्या मुलाची, आसफखानाची, मुलगी म्हणजे मुमताज महल. म्हणजे जिच्यासाठी ताजमहाल उभा राहिला, तिची ही आजी. १६२१ साली ती वारली, आणि काही महिन्यांत १६२२ च्या जानेवारीत तिचा नवराही गेला. आग्र्याला यमुनेकाठी इतिमादुद्दौलाचा जो संगमरवरी मकबरा आपण पाहायला जातो, त्यात दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. मकबरा ओळखला जातो तो नवऱ्याच्या किताबाने. शोध ओळखला जातो तो मुलीच्या नावाने. आणि त्या समारंभात, माझ्या तोंडून, तेवढीही ओळख राहिली नाही.

देग आणि भपका

अस्मत बेगमने पाहिलेली साय का आली, हे आज आपल्याला सांगता येते. गुलाबाच्या तेलातील मुख्य द्रव्ये दोनशे अंशांच्या वर उकळतात. पण पाण्याच्या वाफेबरोबर ती शंभर अंशांच्या आतच निघून येतात. वाफ थंड झाली की पाणी व तेल वेगळे होऊ लागते. तेल पाण्याहून हलके, म्हणून वर तरंगते, आणि त्यात मेणासारखा अंश असल्यामुळे थंडीत गोठू लागते. तापलेल्या दुधावर साय धरते, तशी ही साय. रोज दूध तापवणाऱ्या कोणत्याही गृहिणीच्या नजरेत ती भरली असती. मात्र ती फेकून न देता जमवून पाहण्याची बुद्धी अस्मत बेगमला झाली.

उत्तर प्रदेशातील कनौज हे गाव आजही अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या पद्धतीत तांब्याच्या मोठ्या हंड्याला 'देग' म्हणतात. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी तोडलेली फुले देगेत पाण्याबरोबर घालतात. तोंडावर झाकण बसवून त्याच्या सांध्यावर माती व कापूस यांचा लेप देतात. बांबूची नळी, तिला 'चोंगा' म्हणतात, ती देगेतून निघून 'भपका' नावाच्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. भपका पाण्याच्या टाक्यात बसवलेला असतो, आणि त्याच्या पोटात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांची वाफ भपक्यात उतरते, सुगंध चंदनात मुरतो आणि पाणी खाली राहते. ते पाणी काढून पुन्हा देगेत घालतात. दुसऱ्या दिवशी नवी फुले, पण भपक्यात तेच चंदन. असे करीत करीत चंदन फुलाच्या वासाने भरून जाते. चंदनाच्या आधारावर केलेले ते अत्तर, आणि चंदनाशिवाय काढलेले फुलाचे शुद्ध तेल ती 'रूह'. हा फरक लक्षात ठेवा, पारख करताना उपयोगी पडेल.

या सगळ्यात कारागीर घड्याळ पाहत नाही. देगेवर हात ठेवून, आतला आवाज ऐकून तो आच कमी-जास्त करतो. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आले, पण कागदावर फारसे आले नाही. चंदन दुर्मिळ व महाग झाले, तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्या जागी खनिज तेल आले आणि फुलाच्या जागी कारखान्यातील द्रव्ये आली. केंद्र सरकारने १९९१ साली कनौजला सुगंध व सुरस विकास केंद्र सुरू केले, आणि २०१४ साली कनौजच्या अत्तराला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. ही चांगली गोष्ट आहे. परंतु हात जाणतो ते डोक्यानेही जाणावे, यासाठी कारागिराच्या घरात रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले गेले पाहिजे.

अत्तराची पारख

आता थोडे व्यवहाराचे. धाकट्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना लावायला म्हणून मी एकदा एका जत्रेतून 'असली रूह गुलाब' मोठ्या फुशारकीने आणले. विकणाऱ्याने मनगटावर लावले, आणि मी पहिल्याच वासाला भुललो. लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत वास उडाला आणि मागे रॉकेलसारखा दर्प राहिला. गावातले एक वृद्ध अत्तरवाले हसून म्हणाले, "गुरुजी, पहिला वास दुकानदाराचा असतो. अत्तराचा वास घरी गेल्यावर येतो." त्यांनी मला जे शिकवले, ते येथे देतो.

पहिली गोष्ट, घाई करू नका. फाया वा काडी मनगटावर हलकेच टेकवा, खसाखसा चोळू नका. लगेच येतो तो वास हलक्या, लवकर उडणाऱ्या द्रव्यांचा. अर्ध्या तासाने पुन्हा घ्या, तेव्हा फुलाचे अंतरंग कळते. संध्याकाळी तिसऱ्यांदा घ्या, तेव्हा आधार कळतो. चांगल्या अत्तरात शेवटी चंदनाचा मंद, दुधट गोडवा उरतो. वाईट अत्तरात काही उरत नाही, किंवा नको ते उरते.

दुसरी, एका वेळी दोन किंवा तीनच अत्तरे पाहा. नाक थकते. थकले की स्वतःच्या स्वच्छ बाहीचा वास घ्या, थोडी मोकळी हवा घ्या.

तिसरी, खऱ्या फुलाच्या वासात एकच गोडी नसते. गुलाबात किंचित मध, किंचित मिरमिरी, किंचित हिरवे देठ जाणवते. मोगऱ्या-चमेलीच्या दाट वासात तर एक जड, जवळजवळ नकोसा वाटणारा अंशही असतो. तो फुलातच असतो, आणि योग्य प्रमाणात त्यानेच फूल जिवंत वाटते. नुसता साखरेसारखा सपाट गोड वास दिवसभर बदललाच नाही, तर शंका घ्यावी. उलट, गुलाबाच्या तेलाचा वास झाडावरच्या फुलासारखा हुबेहूब नसला म्हणून ते खोटे ठरत नाही. फुलातील एक महत्त्वाचे सुगंधी द्रव्य पाण्यात विरघळते, ते तेलात थोडेच येते आणि बाकीचे गुलाबजलात राहते.

चौथी, गोठण्याची कसोटी. गुलाबाची रूह थंडीत गोठते, हे खरे. पण लबाड विक्रेते मेण घालून कोणतेही तेल गोठवतात. म्हणून एकट्या या खुणेवर विसंबू नये.

पाचवी कसोटी हिशेबाची, आणि ती मला सर्वांत आवडते. १ किलो गुलाबतेलासाठी सुमारे ३,५०० ते ४,००० किलो फुले लागतात. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. विद्यार्थ्यांनो, त्रैराशिक मांडा. एका तोळ्याला सुमारे ४० ते ४७ किलो फुले लागतील, म्हणजे दहा हजारांहून अधिक फुले. आता बाजारात चाळीस किलो फुलांना काय पडेल ते विचारा. त्यावर तोडणी, जळण आणि मजुरी धरा. विक्रेता तोळाभर 'असली रूह' त्याहूनही स्वस्त देत असेल, तर त्याच्याशी वाद घालण्याची गरज नाही. गणिताने निकाल दिला आहे! शाळेतले त्रैराशिक मला त्या जत्रेत आठवले असते, तर बहिणीच्या लग्नात शरमिंदा झालो नसतो.

कारखान्यात केलेला सुगंध वापरूच नये, असे मी म्हणत नाही. तोही रसायनशास्त्राचेच फळ आहे, आणि गरिबाच्या खिशाला परवडतो. फक्त त्याला त्याच्या नावाने विकावे व घ्यावे.

लावण्याची रीत

दाट फुलांचे अत्तर थोडे लावावे. थेंबभर पुरते. उन्हाळ्यात गुलाब, मोगरा, केवडा, वाळा. थंडीत हिना, शमामा, ही आपल्या बुजुर्गांची निवड हवामान पाहून ठरलेली आहे. नवे अत्तर प्रथम थोड्या जागी लावून पाहावे, कातडीला खाज वा लाली आली तर ते लावू नये. आजाऱ्याच्या खोलीत, आणि ज्याला वासाने त्रास होतो त्याच्या शेजारी, अत्तर लावून बसू नये. आपला सुगंध दुसऱ्याची शिक्षा होऊ नये.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना सुगंध प्रिय होता, आणि कोणी सुगंध देऊ केला तर नाकारू नये अशी त्यांची शिकवण आहे. चांगल्या सोबत्याला त्यांनी कस्तुरी विकणाऱ्याची उपमा दिली. त्याच्यापाशी बसलात तर तो काही देईल, किंवा तुम्ही विकत घ्याल, नाही तर निदान सुवास तरी मिळेल. शाळेविषयी याहून वेगळे काय सांगावे? सगळीच मुले विद्वान होणार नाहीत. पण चांगल्या शाळेत बसलेल्या मुलाच्या अंगाला काही ना काही वास लागतोच.

पालकांना दोन शब्द

पालक बंधू-भगिनींनो, आपण पूर्वजांच्या शोधांचा अभिमान सांगतो, तो सांगावा. परंतु अत्तरासारखीच अभिमानाचीही पारख केली पाहिजे. पहिला वास टाळ्यांचा असतो. अर्ध्या तासाने पुरावा विचारावा आणि संध्याकाळी आपल्या घरात काय उरले ते पाहावे. चारशे वर्षांपूर्वी एका बाईने भांड्यावरची साय नीट पाहिली, यावर आपण टाळ्या वाजवायच्या आणि आपल्या मुलीला दहावीनंतर विज्ञान शाखेला पाठवायला कां कू करायची, हे दोन्ही एका तोंडाने कसे चालेल? स्वयंपाकघरातील तिची नजर तीक्ष्ण आहे, हे आपण रोज पाहतो. तिला प्रयोगशाळेचे टेबल मिळाले पाहिजे, आणि तिने शोधलेल्या वस्तूवर तिचे स्वतःचे नाव राहिले पाहिजे.

त्या मुलीची मी नंतर त्या शाळेत चौकशी केली. ती गाव सोडून गेली होती, कोठे ते कोणाला नीट सांगता आले नाही. तिची माफी मागायची राहून गेली. ती आता स्वतः आई असेल, आणि कदाचित अशीच एखादी स्मरणिका तिच्या मुलाच्या दप्तरातून तिच्या हातात पडेल. तिने हे वाचले, तर तिला एवढेच सांगायचे आहे : बेटी, तुझे बरोबर होते. तो शोध आईचाच होता, आणि तिचे नाव अस्मत बेगम.

आणि वाचकहो, येत्या ईदला मुलाच्या मनगटावर फाया टेकवाल, तेव्हा हे नाव त्याला एकदा जरूर सांगा.